मामा, मामी आणि सावित्री

मामांच्या नोकरीचा हिशेब सोपा होता. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस जमिनीवर. ओएनजीसीत ड्रिलिंग इंजिनिअर म्हणून त्यांची बहुतेक वर्षं मुंबई हायवर गेली, किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटर आत. जुहूच्या हेलिबेसवरून हेलिकॉप्टरने जायचं, बारा-बारा तासांच्या पाळ्या करायच्या आणि बदली माणूस उतरला की त्याच हेलिकॉप्टरने परत यायचं. उत्तर समुद्रापासून इराणच्या आखातापर्यंत तेलावर पोट असलेली माणसं थोड्याफार फरकाने अशीच जगतात. जमिनीवरच्या दिवसांत कुणी शेती बघतं, कुणी मुलांचा अभ्यास घेतं, कुणी नुसतं झोपतं. मामा पनवेलच्या घरी यायचे, कपडे धुवायला टाकायचे, सॅक भरायचे आणि महाड-पोलादपूरच्या डोंगरात निघून जायचे. मग मामींच्या वाट्याला काय उरायचं, हा हिशेब आमच्याकडे मोठ्याने कुणी केला नव्हता.

यंदा मामींनीच केला. मामांचे दोन्ही गुडघे आता बदललेले. गणपती उठले, पाऊस जरा ओसरला, तशा मामी म्हणाल्या, "एवढी वर्षं जिथे जात होतात ते गाव तरी दाखवा. माझी सवत दिसते कशी, बघू दे." मी पुण्याहून पनवेलला आले, गाडी चालवायची जबाबदारी माझी. मामांनी पुढच्या सीटवर बसून फक्त एवढंच ठरवलं, की सावित्री नदी धरून वर जायचं. खाडीपासून उगमाकडे.

गोवा रस्त्याने महाडच्या अलीकडे दासगावला खाडी दिसते. समुद्र इथून कितीतरी लांब, बाणकोटला. पण भरतीचं पाणी सावित्रीतून थेट महाडच्या अंगाला येतं. पूर्वी गलबतं याच पाण्यावर दासगाव बंदरात लागायची. आम्ही देशावरची माणसं, आमच्या नद्या एकाच दिशेला वाहतात. इथली नदी दिवसातून दोनदा मागे वळते, हे काठावरच्या माणसाला सांगितलं तर तो आपल्याकडेच नवलाने बघेल. मामी खाडीकडे बघत होत्या. मामांनी मात्र पाण्याकडे पाठ केली होती आणि ते रस्त्यापलीकडच्या डोंगराची उतरण निरखत होते. हिरव्यागार उतारावर एका पट्ट्यात झाडं कोवळी, एकाच वयाची.

25 जुलै 2005 ला हा डोंगर खाली आला. दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते. महाड तालुक्यातल्या या चार गावांत मिळून दीडशेहून जास्त माणसं एका दिवसात गाडली गेली. दुसऱ्या दिवशी मुंबई पाण्याखाली. आणि 27 तारखेला समुद्रात मुंबई हाय नॉर्थचा प्लॅटफॉर्म पेटला, तिथे 22 जण गेले. मामा त्या आठवड्यात पनवेलला घरी होते. त्यांना ठाऊक असलेली दोन्ही जगं तीन दिवसांत हादरली.

"आठवडाभर हा माणूस बोललाच नाही," मामी म्हणाल्या. "जेवायला ये म्हटलं की यायचे, जेवायचे, पुन्हा गच्चीवर."

मामा तिथेही बोलले नाहीत. नंतर गाडीत सांगितलं, की त्याआधी ते किल्ले मोजायचे. कोणता कोणत्या वाटेने केला, किती तासांत केला, याची वहीत नोंद. त्यानंतर वही तीच राहिली, पण नोंदी बदलल्या. कोणत्या उताराला भेग दिसली, कुठला झरा कुठून फुटला, कुठे नवा रस्ता काढताना डोंगराचा पाया खणलाय.

महाडला शिरण्याआधी त्यांनी आम्हांला सवला नेलं. सावित्रीच्या काठी इथे गरम पाण्याची कुंडं आहेत. गंधकाचा वास येतो. दोन म्हाताऱ्या बायका पदर खोचून पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. त्यांनी मामींना सरकून जागा दिली. ओळख नाही, नाव नाही, पहिला प्रश्न: "गुडघे का कंबर?" मामींनी मामांकडे बोट केलं. "मग त्यांना बसवा की! तुम्ही कशाला बसलाव?" मामांना पँट दुमडून बसावं लागलं. वज्रेश्वरी, पालीजवळचं उन्हेरे, सव, उन्हवरे, आरवली, तुरळ, राजापूर, अशी गरम झऱ्यांची एक ओळच कोकणातून सह्याद्रीला समांतर गेली आहे. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. खाली दर किलोमीटरला पंचवीस-तीस अंशांनी उष्णता वाढते. समुद्रात विहीर खोदताना हा आकडा मामांना रोज लागायचा. "तिथे कोट्यवधी रुपये घालून आम्ही खालचं तापमान मोजायचो," ते म्हणाले, "इथे या बायका पाय घालून सांगतात." म्हाताऱ्यांपैकी एकीने लगेच सांगितलं, की पावसाळ्यात पाणी जरा निवतं, शिमग्याच्या सुमाराला खरं चटका देतं.

महाड गावात शिरताना उजव्या-डाव्या अंगाला नदीच. गांधारी इथे सावित्रीला मिळते आणि त्या संगमावर गांधारपाल्याची बौद्ध लेणी डोंगरात कोरलेली. ज्यांनी दोन हजार वर्षांपूर्वी जागा निवडली त्यांनी ती पुराच्या वर निवडली. बाजारपेठेला ती सोय नाही. घाऊक किराण्याच्या एका दुकानात मी मामींसाठी वालाचे दाणे घ्यायला थांबले. तांदळाची पोती जमिनीवर नव्हतीच, लोखंडी मांडणीवर पुरुषभर उंचीला. शेठना विचारलं तर त्यांनी भिंतीवरची एक फिकट रेघ दाखवली. "ही दोन हजार पाचची." मग शिडीकडे बघून, "आणि ती वर, एकवीसची." आवाजात तक्रार नाही. पुण्यात आमच्याकडे पाणी सोसायटीच्या पार्किंगमध्ये आलं तर आम्ही वर्षभर पत्रव्यवहार करतो. महाडकर पूर ओसरला की चिखल ओढतो, दुकान धुतो आणि मांडणी एक फळी वर नेतो. नदीत मगरीही आहेत. पुरात एखादी गल्लीत आली तर ती कुठवर आली होती, हे चहाच्या टपरीवर घरच्यासारखं सांगतात.

याच गावात पाण्याची दुसरी गोष्टही आहे, आणि ती पूर नाही. चवदार तळं बाजारापासून चालत जाण्याइतकं जवळ. 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचा समुदाय या तळ्यावर आला आणि ओंजळीने पाणी प्यायला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले, असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात त्याआधीच झाला होता, महाडच्या नगरपालिकेनेही तळं खुलं केलं होतं. कागदावर सगळं होतं, तळ्याच्या पायऱ्यांवर नव्हतं. मामी पायऱ्यांवर बराच वेळ उभ्या राहिल्या. शेजारी नांदेडहून आलेलं एक कुटुंब होतं. आजोबांनी नातवाच्या हातावर पाणी घातलं. जिथे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, नद्या काठ मोडतात, त्या गावात माणसाला ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. डोंगराने अडवलेलं पाणी कधीतरी वाट काढतं. माणसाने अडवलेलं माणसालाच सोडवावं लागतं.

महाड सोडलं की थोड्याच अंतरावर सावित्रीचा पूल. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री ब्रिटिशांच्या काळातला जुना पूल पुरात गेला आणि त्याच्याबरोबर दोन एसटी गाड्या. नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला. मामांनी गाडी हळू घ्यायला लावली. इंजिनिअर म्हणून त्यांना नव्या पुलाचं कौतुक होतं. "पण बांधणाऱ्याचं नाव होतं," ते म्हणाले, "रोज जाऊन जुन्याचा खांब बघणाऱ्याचं होत नाही. आमच्याकडे बघणाऱ्यालाच पगार होता."

पोलादपूर म्हणजे तिठा. सरळ गेलं की कशेडी उतरून खेड, डावीकडे आंबेनळी चढून महाबळेश्वर. स्टँडच्या आसपास प्रत्येक भिंतीवर फलक: अमुक ग्रामस्थ मंडळ व मुंबई मंडळ. प्रत्येक गावाचे दोन पत्ते, एक इथला आणि एक लालबागचा, घाटकोपरचा नाहीतर भांडुपचा. शिवभारतकार कवींद्र परमानंदांची समाधी याच गावात दाखवतात. शिवाजी महाराजांचं चरित्र संस्कृतात लिहिणारा कवी आणि मुंबईहून देणगीच्या पावत्या फाडणारी मंडळं, दोघांनाही पोलादपूर सामावून घेतं. तालुक्याला वारकऱ्यांचा वारसाही दांडगा, त्यामुळे मटणाची खानावळ शोधताना आम्हांला आधी तीन माळकऱ्यांनी शाकाहारी जेवणाचा पत्ता सांगितला.

मामांची खरी गोष्ट या स्टँडवर सुरू व्हायची. पनवेलहून एसटीने इथे, आणि इथून संध्याकाळची मुक्कामाची गाडी. ती शेवटच्या गावाला जाऊन रात्र काढते, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर शाळेत झोपतात आणि पहाटे पोरांना, दुधाच्या किटल्यांना, बाजारच्या बायकांना घेऊन परत येते. मामा ड्रायव्हर-कंडक्टरच्या शेजारी पथारी टाकायचे. तेलाच्या रिगवर त्यांना वातानुकूलित केबिन होती, मेसमध्ये चार प्रकारचं जेवण होतं. इथे देवळाचा गारठा आणि डास.

"मग यायचात कशाला?" मी विचारलं. उमरठ मागे पडलं होतं. तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीपाशी शाळेची सहल उतरली होती आणि पोरं तलवारी नसलेल्या हातांनी लढत होती.

मामांनी बराच वेळ घेतला. "प्लॅटफॉर्मवर टर्बाइनचा आवाज कधी थांबत नाही. झोपेतही असतो. थांबला तर घाबरायचं, कारण म्हणजे काहीतरी बिघडलं. इथे प्रत्येक आवाज थांबतो. बेडूक थांबतात, भजन थांबतं, ओढासुद्धा मार्गशीर्षात थांबतो. आवाज थांबला तरी सगळं ठीक आहे, हे अंगाला कळायला मला दोन दिवस लागायचे. तेवढ्यासाठी यायचो."

मामी मागून म्हणाल्या, "घरी सांगितलं असतंत तर मिक्सर बंद ठेवला असता."

रस्ता अरुंद होत जातो. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, लोंब्या दुधावर आलेल्या. वरकस जमिनीत नाचणी. तेरड्याने बांध गुलाबी केलेले. समोर डोंगर असा उभा राहतो, की पुढे काही असेल असं वाटत नाही. तिथेच ढवळे. चंद्रगडाच्या पायथ्याचं गाव, जावळीच्या मोऱ्यांच्या जुन्या मुलखातलं. 1656 मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली तेव्हा हे रान हाच तिचा कोट होता.

आमच्याकडे गावात शिरलं की "कुठले?" विचारतात. इथे विचारतात, "कुणाकडे?" म्हणजे कुणाचं तरी असल्याशिवाय माणूस इतक्या आत येणारच नाही, हे गृहीत. उत्तर द्यायची वेळ आली नाही. पडवीतून एक आजोबा उठले, डोळ्यांवर हात धरला आणि म्हणाले, "तेलाचे साहेब!" मग कोरा चहा, गवती चहाची पात घातलेला. मग हाताएवढी पावसाळी काकडी, तिखटमीठ लावून. जेवून जायचं हे आम्हांला न विचारता ठरलं.

घरात पुरुष म्हणजे हे आजोबा एकटेच. मुलगा मुंबईला, नातू सुरतेला. सून चुलीपुढे. तांदळाच्या पिठाची उकड काढून मळून ती भाकरी पाण्याच्या हाताने थापत होती, कागदासारखी पातळ. मामी मूळच्या नगरच्या, ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या. त्यांनी एक थापून बघितली, ती तव्यावर जाईपर्यंत फाटली. बरोबर कुळथाचं पिठलं, जवळ्याची चटणी. चुलीशी दोघींचं चाललेलं मला ऐकू येत होतं.

"तुमचे कधी येतात?"

"गणपतीला येतात, शिमग्याला येतात. लावणीला रजा मिळाली तर."

"आमचे दर चौदा दिवसांनी यायचे."

"मग बरंय की, ताई!"

"कसलं बरं? आले की इकडं यायचे, तुमच्याकडं."

सुनेने हातातली भाकरी तशीच धरून हसायला सुरुवात केली. "इथं तरी कुठं थांबायचे! चहा प्यायचे आणि डोंगरात."

मामा पडवीत होते. त्यांनी ऐकलं, आणि ते काही बोलले नाहीत. मला त्या क्षणी लक्षात आलं, की या खोऱ्यात मामा परके कधी नव्हतेच. गैरहजर पुरुष आणि घर चालवणारी बाई, ही इथली घडी. तीच घडी पनवेलच्या फ्लॅटमध्ये होती. फरक एवढाच, की इथला पुरुष परतल्यावर छपराची कौलं बदलतो.

आजोबांना जुना प्रश्न पुन्हा विचारायचा होता. "साहेब, आमच्या डोंगराखाली तेल आहे का नाही?"

मामांनी न हसता सांगितलं. हा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. यात तेल नाही. समुद्राखाली चुनखडीचे आणि गाळाचे थर आहेत, तेल त्यांत. "पण काही विहिरी आम्ही अगदी तळापर्यंत नेल्या, की खाली पुन्हा तुमचाच कातळ लागायचा. तिथे गेलो तरी तुमच्या घराच्या पायावरच उभा होतो." आजोबांना हे पटलं. त्यांनी मान डोलावली, जणू पायाची लांबी त्यांनाही अंदाजाने माहीत होती.

मग दोघांचं खरं बोलणं सुरू झालं. घरामागचा झरा यंदा कसा होता? गढूळ झाला का? मध्येच बंद पडला का? वरच्या नाचणीच्या शेतात भेग गेली होती ती वाढली का? 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातलं तळिये दरडीखाली गेलं, ऐंशीहून जास्त माणसं. त्याच दिवसांत पोलादपूरकडे केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही माणसं गेली. तेव्हापासून जोराच्या पावसात आजोबा रात्री कंदील घेऊन झऱ्यापाशी जातात. पाणी लाल झालं किंवा एकदम आटलं, तर सगळ्यांना उठवून शाळेत न्यायचं.

मी मामांना कारण विचारलं. ते मामींच्या परातीकडे वळले. "परातीत ओलं पीठ ठेव. परात तिरकी कर. पीठ धरून राहतं. आता पिठाच्या खालून पाण्याची धार सोड." पीठ सरकावं तसा त्यांचा हात सरकला. "डोंगर पावसाने जड होतो म्हणून पडतो, असं लोकांना वाटतं. तो त्याहून जास्त पडतो तो खालून पाण्याने उचलला म्हणून. कातळ आणि मातीच्या मध्ये दाब वाढतो. समुद्रात आमचं सगळं काम हेच. खालून किती दाब येतोय आणि आपण वरून चिखलाचा किती ठेवलाय. खालचा वाढला की आधी लहान खुणा येतात. टाकीतला चिखल चार बोटं वाढतो. त्या वेळी जो बघत असतो तो वाचवतो. जो जेवायला गेलेला असतो..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

डोंगरावर प्रेम करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. कुणी कड्यावरून दोर सोडतात, कुणी पहाटेचे फोटो काढतात, कुणी शिवगर्जना देतात. त्यांचं प्रेम खोटं नाही. पण ते डोंगराकडून काहीतरी मिळवायला जातात. मामा आणि हे आजोबा डोंगराची तब्येत विचारतात. एकाने ते पगारावर शिकून घेतलं, दुसऱ्याने भीतीतून. नुसतं आवडण्यापलीकडे काही करायचं, तर दुसऱ्याच्या पोटात काय चाललंय याची रोज दखल घ्यावी लागते. आणि मामांना ही दखल डोंगराच्या बाबतीत जमली ती घराच्या बाबतीत किती जमली, हे मी मामींच्या डोळ्यांदेखत विचारू शकले नाही. त्या मात्र तेव्हा आजोबांच्या सुनेला विचारत होत्या, की रात्री झऱ्यावर आजोबांच्या बरोबर कुणी जातं का. "मी जाते," ती म्हणाली. "कंदील त्यांच्या हातात असतो, बॅटरी माझ्या."

निघताना तिने मामींच्या पिशवीत नाचणी घातली. मामींनी सवयीने पैसे काढले, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून ते परत आत गेले. पुढच्या खेपेला चहा-साखर घेऊन यायचं, असं ठरलं.

ढवळ्यातून वर महाबळेश्वरच्या आर्थर सीटला जाणारी जुनी वाट आहे. मामा ती अनेकदा चढले, खाली हजार मीटरची दरी सोडत. आम्ही माघारी पोलादपूरला आलो आणि आंबेनळी घाट घेतला. धुकं इतकं, की वळण आधी कानाला कळायचं. मध्येच धुकं फाटलं की कापलेल्या डोंगरात थर दिसत, काळ्यावर काळा आणि मध्ये एखादा तांबडा पट्टा. लाव्हाचे दोन पूर आले, त्यांच्यामध्ये जमीन जितका काळ उन्हात पडून होती त्याची ती खूण. याच घाटात 28 जुलै 2018 ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली, 30 जण गेले. त्यांना वर काढायला दोर घेऊन उतरले ते या भागातले गिर्यारोहक. हौस म्हणून शिकलेल्या गाठी त्या दिवशी कामाला आल्या.

आर्थर सीटला पोचलो तेव्हा वर ऊन होतं. सावित्री इथल्याच डोंगरातून खाली उडी घेते. आर्थर मॅलेट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची बायको आणि मूल सावित्रीच्याच पाण्यात बुडाली आणि तो इथे येऊन बसायचा, असं सांगतात. आता तिथे कठडा, मक्याची कणसं, स्ट्रॉबेरीचं सरबत. दरीतून वारा इतका जोरात वर येतो, की हलकी वस्तू फेकली तर ती परत येते. हाच तिथला खेळ. एक कॉलेजचा मुलगा बाटल्यांची बुचं फेकत होता. काही परत येत होती, काही येत नव्हती.

मामी त्याच्याजवळ गेल्या. "अरे बाळा, खाली माणसं राहतात."

"कुठे, काकू? खाली तर जंगल आहे."

"जंगल नाही, ढवळे आहे. ते बघ, दोन डोंगरांच्या मध्ये भात दिसतं ना पिवळसर? तिथे. त्याच्यावरची ती टेकडी नाही, चंद्रगड आहे. घरामागे झरा आहे, तो गढूळ झाला की गाव उठतं." मुलाचे मित्रही जवळ आले. मामींनी त्यांना भाकरीची उकड कशी काढतात ते सांगितलं, मुक्कामाच्या गाडीचं सांगितलं, तळियेचं सांगितलं.

मामा काठी टेकत मागून आले. "अगं, तो चंद्रगड नव्हे. चंद्रगड जरा डावीकडे."

"तुम्ही थांबा हो," मामी मागे न बघता म्हणाल्या. "मी सांगतेय ना त्यांना."